नागपूरच्या उन्हाळ्यात घरगुती टर्बो: ८५ हजार रुपयांच्या संचाचे परीक्षण

पहिल्या पिढीच्या पेट्रोल स्विफ्टसाठी सुटे भाग जमवून, नागपुरातच वेल्डिंग आणि लेथचे काम करून घेऊन तयार केलेल्या टर्बो संचाचे हे परीक्षण आहे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या धुराने टर्बाइनचे चाक फिरवून, त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरच्या चाकाने इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र. या गाडीत मारुतीचे १२९८ सीसीचे जी१३बीबी इंजिन आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार त्याची शक्ती ८७ अश्वशक्ती आणि टॉर्क ११३ न्यूटन मीटर आहे. संचावर एकूण ८५ हजार रुपये खर्च झाले. त्यांपैकी खुद्द टर्बोवर, दुरुस्तीसह, फक्त ९ हजार रुपये लागले, तर इंधन आणि ठिणगी यांवर नियंत्रण ठेवणारा संगणक व हवा-इंधनाचे मिश्रण मोजणारा वाइडबँड मीटर या दोन वस्तूंनी ३४ हजार रुपये घेतले. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तिथे खर्चाचे हेच प्रमाण योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. टर्बो महागडा घेऊन मोजमापाची साधने टाळणाऱ्या माणसाचे इंजिन उन्हाळा पार करत नाही.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण वर्कशॉपमध्ये हा विषय सहसा निघत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका कायम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, हे वेगळेच. ही स्विफ्ट २००८ ची, एमएच ३१ पासिंगची आहे. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर तिची फेरनोंदणी केलेली नाही. ती बुटीबोरीकडील एका खासगी आवाराच्या अंतर्गत रस्त्यावरच चालते आणि तिथपर्यंत टो करून नेली जाते. रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीवर हे काम करू नये.

आता टर्बोविषयी. नागपुरात वापरलेला टर्बो शोधायचा म्हटले की बहुतेक वेळा डिझेल गाडीचाच हाती लागतो, कारण स्विफ्ट डीडीआयएस, डिझायर, इंडिका व्हिस्टा या गाड्या टॅक्सी म्हणून मोठ्या संख्येने धावल्या आणि आता त्या भंगारात निघत आहेत. मी घेतलेला टर्बो १२४८ सीसीच्या, ७५ पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच) डिझेल इंजिनाचा, म्हणजे स्थिर भूमितीचा आहे. याच इंजिनाच्या ९० पीएसच्या आवृत्तीत बदलत्या भूमितीचा टर्बो येतो आणि कबाडी तोच अधिक चांगला म्हणून पुढे करतात. परंतु पेट्रोल इंजिनासाठी तो घेऊ नये. त्याच्या टर्बाइनभोवतीची हलणारी पाती डिझेलच्या तुलनेने थंड धुरासाठी घडवलेली असतात. डिझेल टर्बाइनच्या तोंडाशी साधारण ८५० अंश सेल्सिअस ही मर्यादा धरली जाते, तर पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण भारावर ९५० अंशांच्या आसपास सहज पोहोचतो. एवढ्या उष्णतेत ती पाती अडकून बसतात. स्थिर भूमितीच्या टर्बोत असे हलणारे भाग फक्त वेस्टगेटपुरते (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेपुरते) असल्यामुळे तो कमी दाबावर तग धरतो.

विकत घेताना शाफ्ट बोटांनी वर-खाली आणि पुढे-मागे हलवून पाहावा. वर-खाली थोडी हालचाल चालते, कारण हे बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगणारे असते. पुढे-मागे जाणवेल एवढी हालचाल मात्र अजिबात चालत नाही. कॉम्प्रेसरच्या चाकाच्या कडा घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर तो टर्बो तिथेच ठेवून निघावे. माझा टर्बो ५ हजार ५०० रुपयांना मिळाला. वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात ट्रकचे टर्बो दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात बेअरिंग व सील बदलून, शाफ्ट बॅलन्स करून घेण्यास ३ हजार ५०० रुपये लागले. या दुकानाचे काम मला मनापासून आवडले. जुने सुटे भाग पिशवीत घालून परत दिले, कोणता भाग का बदलला ते दाखवले आणि तेल भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, असे दोनदा बजावले.

डिझेल टर्बोची दुसरी अडचण वेस्टगेट उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये आहे. त्याची स्प्रिंग डिझेल इंजिनाच्या दाबासाठी, म्हणजे साधारण १ बार किंवा त्याहून अधिक दाबावर उघडण्यासाठी बसवलेली असते. मूळ पिस्टन आणि मूळ कॉम्प्रेशन ठेवलेल्या पेट्रोल इंजिनाला एवढा दाब झेपत नाही. बूस्ट (टर्बोचा वाढीव दाब) ठरवणारा कंट्रोलर लावून दाब कमी करता येईल असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे, तो चुकीचा आहे. कंट्रोलर स्प्रिंगच्या दाबापेक्षा वरचाच दाब ठरवू शकतो, खालचा नाही. त्यामुळे मऊ स्प्रिंगचा, दांड्याची लांबी बदलता येणारा अ‍ॅक्च्युएटर लावणे हाच मार्ग आहे. माझ्या गाडीत दाब ०.३५ बारवर ठरवला आहे आणि मे महिन्यात तो ०.२५ पर्यंत उतरवतो.

दाबाचा हा आकडा एवढा लहान का, हे समजण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. हवा दाबली की ती तापते. ४५ अंशांची हवा १.४ पट दाबली, तर आदर्श कॉम्प्रेसरमध्येही तिचे तापमान सुमारे ३२ अंशांनी वाढते. प्रत्यक्षात अशा लहान टर्बोची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर वाढ ४९ अंशांची होते, म्हणजे इंटरकूलरशिवाय (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीशिवाय) इंजिनात ९४ अंशांची हवा जाते. डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे हेच गणित ५६ अंशांवर थांबते. एकाच गाडीत, एकाच दाबावर, केवळ ऋतू बदलल्यामुळे ३८ अंशांचा फरक पडतो. तापलेल्या हवेत मिश्रण ठिणगीच्या आधीच किंवा ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यात पेटण्याची शक्यता वाढते; याला आपल्याकडे नॉकिंग म्हणतात आणि टर्बो लावलेल्या इंजिनात त्याचे पर्यवसान पिस्टनची कड फुटण्यात होते. पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये यशस्वी झालेल्या आकड्यांची नक्कल नागपुरात करू नये, ती याच कारणासाठी. मे २०१३ मध्ये या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले आहे, आणि बॉनेटखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा नेहमीच गरम असते.

म्हणून इंटरकूलरवर आणि हवा कुठून घ्यायची यावर मी कंजूषी केली नाही. भंगारात निघालेल्या डिझेल गाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा इंटरकूलर बंपरमागे, रेडिएटरच्या पुढे बसवला आणि एअर फिल्टर बॉनेटखालून काढून डाव्या फेंडरच्या पोकळीत नेला. पाइप, सिलिकॉनचे जोड आणि टी-बोल्ट क्लॅम्प धरून हा खर्च ८ हजार ५०० रुपयांवर गेला. इंटरकूलरने वाढलेल्या उष्णतेपैकी ६० टक्के काढली असे धरले, तरी वरच्या उदाहरणातील ९४ अंशांची हवा ६५ अंशांवर येते. इंटरकूलरनंतर बसवलेल्या तापमान सेन्सरवर भर उन्हात मला याच परिसरातील आकडे दिसतात. फिल्टर फेंडरमध्ये नेल्याचा फायदा मला इंटरकूलरइतकाच मोठा वाटतो, कारण कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या हवेचा प्रत्येक अंश पुढे वाढीव दराने भरावा लागतो. मात्र फेंडरमधल्या फिल्टरला पावसाळ्यात चाकाचे पाणी लागते, त्यामुळे आतले प्लास्टिकचे आवरण काढून टाकू नये.

पाइपांच्या टोकांना उठावाची कडी काढून घ्यावी, नाहीतर दाबाखाली सिलिकॉनचा जोड घसरून निघतो. सगळे जोडल्यावर कॉम्प्रेसरच्या तोंडाला झाकण लावून ०.५ बार हवा भरावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर होणाऱ्या या चाचणीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर एकत्र करून टर्बोपर्यंत नेणाऱ्या नळ्या, हा या संचाचा सर्वांत कष्टाचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत समाधानाचा भाग आहे. फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळायच्या सपाट पट्ट्या, १० मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यातून हिंगणा एमआयडीसीतील लेझर कटिंगच्या एका कारखान्यात कापून घेतले. गॅस्केटवरून काढलेले रेखाचित्र दिले की ते किरकोळ कामही घेतात. नळ्यांसाठी दोन पर्याय होते. स्टेनलेस स्टीलची पातळ नळी दिसायला देखणी आणि वजनाला हलकी असते, तर वाफेच्या वाहिन्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या शेड्यूल ४० च्या जाड एल्बोला (वळणाच्या नळीला) कोणी देखणे म्हणणार नाही. कामठी रोडवर, ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे ज्यांच्याकडे वेल्डिंग केले त्या मिस्त्रींनी प्रश्न एका वाक्यात सोडवला: "भाऊ, पातळ पाइप घ्याल तर दिवाळीपर्यंत चिरेल, टर्बोचं वजन कोण पेलणार?" त्यांचे म्हणणे बरोबर आहे. टर्बो मॅनिफोल्डवरच लटकलेला असतो, पातळ स्टेनलेस उष्णतेने जास्त प्रसरण पावते आणि वेल्डच्या शेजारी तडकते. जाड एल्बो इतवारीतील लोखंडाच्या दुकानांत सुटे मिळतात.

या वर्कशॉपविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण असे संच शेवटी वेल्डरच्या हातावर उभे असतात. त्यांनी एल्बोच्या कडा तिरप्या घासून घेतल्या, मुळाचा पहिला थर टिग वेल्डिंगने दिला आणि काम करताना फ्लँज एका जुन्या सिलिंडर हेडवर घट्ट आवळून ठेवले, जेणेकरून ते उष्णतेने वाकू नये. तरीही थंड झाल्यावर एका टोकाला बारीक फट राहिली. मी काही बोलण्याच्या आधी त्यांनी स्वतः पट्टी लावून ती दाखवली आणि सरफेस ग्राइंडिंग करून आणून दिले. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. कामाला सांगितल्यापेक्षा जास्त दिवस लागले आणि फोनवर त्यांच्याकडून नेमकी तारीख मिळणे कठीण असते. साहित्यासह ११ हजार रुपयांत या दर्जाचे काम मला स्वस्त वाटते. डाउनपाइप (टर्बोनंतरची धुराची नळी) आणि पुढचा एक्झॉस्ट त्यांनीच ७ हजार रुपयांत केला.

मॅनिफोल्डभोवती काचतंतूची पट्टी गुंडाळण्याची पद्धत लोकप्रिय आहे. मी ती टाळली. पावसाळ्यात ती पट्टी पाणी धरून ठेवते आणि साध्या पोलादाला आतून गंज लागतो. त्याऐवजी पत्र्याची ढाल बसवली, तिच्या आणि मॅनिफोल्डच्या मधे हवा खेळेल एवढी जागा ठेवली आणि शेजारून जाणाऱ्या वायरिंगला उष्णतारोधक नळी घातली.

तेलाच्या वाहिन्यांवर फक्त ३ हजार ५०० रुपये खर्च झाले, परंतु टर्बो किती वर्षे जगेल हे त्या ठरवतात. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी जोड लावून तेथून टर्बोला तेल दिले. परतीची वाहिनी मात्र दाबाने चालत नाही, तिच्यातून तेल केवळ गुरुत्वाकर्षणाने उतरते. त्यामुळे ती किमान १४ ते १६ मिलिमीटर आतील व्यासाची, सतत उताराची आणि ऑइल चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी असावी लागते. ही वाहिनी अरुंद किंवा वळणदार केली की तेल टर्बोत साचते, सीलमधून गळते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग नवा टर्बो खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण होते. चेंबर उतरवून, त्याला बाहेरून नळी वेल्ड करून, आतला लोखंडाचा कीस पूर्ण धुऊन काढल्याशिवाय तो परत चढवू नये.

या डिझेल टर्बोला पाण्याचे मार्ग नाहीत, तो केवळ तेलावर थंड होतो. कारखान्यात पेट्रोल इंजिनांसाठी बसवलेले टर्बो बहुधा पाण्यानेही थंड केले जातात, कारण गाडी बंद केल्यावर टर्बाइनची उष्णता बेअरिंगकडे सरकते आणि तिथले थांबलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. माझ्याकडे त्यावर उपाय सवयीचाच आहे: जोराने चालवल्यानंतर दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवायचे, ५डब्ल्यू-४० दर्जाचे सिंथेटिक तेल वापरायचे आणि ते ५ हजार किलोमीटरच्या आतच बदलायचे.

इंधनाच्या बाजूला सर्वाधिक विचार करावा लागला. १०५ अश्वशक्तीचे उद्दिष्ट धरले आणि टर्बो इंजिनाला प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला सुमारे २७५ ग्रॅम पेट्रोल लागते असे मानले, तर एकूण गरज तासाला जवळपास ३९ लिटर होते. चार इंजेक्टरांत ती वाटली, इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये ही मर्यादा लावली, की प्रत्येकी मिनिटाला १९० मिलिलिटर क्षमता लागते. आता पंपावर मिळणाऱ्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी त्यात सात-आठ टक्के वाढवावे लागतात, कारण इथेनॉल जळण्यासाठी कमी हवा लागते आणि त्यामुळे त्याच हवेसाठी जास्त द्रव द्यावा लागतो. शुद्ध पेट्रोलचे आदर्श हवा-इंधन प्रमाण १४.७ असते, ई२० चे ते १३.५ च्या जवळ येते. म्हणून २४० मिलिलिटर क्षमतेचे वापरलेले इंजेक्टर घेतले, ते बेंचवर मोजून घेतले आणि टाकीतील पंप बदलला. दोन्ही मिळून ८ हजार रुपये झाले. ई२० चा एक लाभही सांगितला पाहिजे: इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो आणि बाष्पीभवन होताना मिश्रण थंड होते, जे नागपूरच्या हवेत फारच उपयोगी आहे. मात्र २००८ च्या गाडीतील रबरी नळ्या या मिश्रणासाठी तयार केलेल्या नव्हत्या. त्या सगळ्या बदलाव्यात. बॉनेटखाली तापलेल्या मॅनिफोल्डच्या शेजारी पेट्रोलची जुनी नळी ठेवणे सरळ आगीला आमंत्रण आहे.

स्वस्तातले संच विकणारे लोक बूस्टच्या दाबावर चालणारा इंधनाचा रेग्युलेटर देतात, जो बूस्ट वाढला की इंधनाचा दाब वाढवतो आणि मूळ संगणकाला काही कळू देत नाही. मी तो वापरण्याचा सल्ला देणार नाही. इनटेकमधील दाब मोजणारा मूळ मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापलीकडे मोजण्यासाठी बनवलेलाच नसतो, त्यामुळे बूस्टमध्ये ठिणगी मागे घेण्याचे काम कोणीच करत नाही, आणि इंजिन फुटते ते बहुधा ठिणगीमुळे. मी स्पीडुइनो हा मुक्त स्रोत संगणक निवडला. तो आर्डुइनो मेगा २५६० या सर्किट बोर्डवर चालतो, ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरने लॅपटॉपवरून त्याचे इंधन व ठिणगीचे तक्ते भरता येतात आणि त्यावरचा मॅप सेन्सर २५० किलोपास्कलपर्यंत मोजतो. वायरिंग, सेन्सर आणि पेटी धरून १५ हजार रुपये लागले. तक्ते भरायला चिकाटी लागते; इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेला सोबती असेल तरच हा मार्ग धरावा. ज्याला ते जमणार नाही त्याने तयार संगणक आणि अनुभवी ट्यूनर यांच्यासाठी अधिक पैसे राखून ठेवावेत, पण रेग्युलेटरवर भागवू नये. माझ्या तक्त्यात पूर्ण बूस्टवर ठिणगी मूळ स्थितीपेक्षा सहा अंश मागे आहे आणि आत येणारी हवा ५५ अंशांच्या पुढे गेली की ती आणखी मागे सरकते. दाब ०.५ बारला पोहोचला तर इंधन तोडले जाते.

वाइडबँड मीटरला १९ हजार रुपये लागले. या संचातली एकच वस्तू कारखान्याच्या खोक्यातून नवी घ्यायची असेल तर ती हीच घ्यावी. गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर मिश्रण आदर्श प्रमाणाच्या या बाजूला आहे की त्या बाजूला एवढेच सांगतो. बूस्टमध्ये लॅम्डा (आदर्श प्रमाणाच्या तुलनेत हवेचे प्रमाण) ०.८० ते ०.८२ ठेवायचा असतो आणि तिथे तो सेन्सर आंधळा असतो. बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर टर्बोनंतर साधारण पाऊण मीटर अंतरावर, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर झुकलेला बसवावा, म्हणजे सकाळच्या थंड सुरुवातीला साचलेले पाणी त्यावर पडत नाही. त्याच्या जोडीला मॅनिफोल्डवर के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) लावला आहे. धुराचे तापमान ८२० अंशांच्या पुढे दिसले की मी पाय काढून घेतो. या दोन काट्यांकडे पाहायला लागल्यापासून बूस्टच्या काट्याकडे माझे फारसे लक्ष जात नाही.

उरलेल्या ४ हजार रुपयांत गॅस्केट, एका पायरीने थंड प्लग, तेल, थर्मोकपल आणि काही लहान झडपा आल्या. प्लगमधील अंतर ०.७ मिलिमीटर ठेवले आहे, कारण दाबलेल्या हवेत मोठ्या अंतरावरची ठिणगी विझते. झडपा लहान असल्या तरी त्यांच्याविना संच अपुरा राहतो. डिझेल इंजिनाला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसल्यामुळे त्याच्या टर्बोसोबत बायपास झडप येत नाही. पेट्रोल गाडीत गिअर बदलताना थ्रॉटल बंद झाला की दाबलेली हवा उलटी फिरून कॉम्प्रेसरच्या चाकावर आदळते. म्हणून थ्रॉटलजवळ बायपास झडप हवीच. क्रँककेसचा श्वास, ब्रेक बूस्टरची निर्वात नळी आणि पेट्रोलच्या वाफेची कोळशाच्या डब्याकडून येणारी नळी या तिन्ही इनटेक मॅनिफोल्डला जोडलेल्या असतात, आणि तिथे आता निर्वाताऐवजी दाब येणार असतो. तिन्हींवर एकाच दिशेने उघडणारी झडप नसेल तर तेलाचे सील ढकलले जातात आणि ब्रेक पॅडल कडक होते.

चालवण्याचा अनुभव अपेक्षेपेक्षा सौम्य आणि म्हणूनच चांगला आहे. टर्बो लहान असल्यामुळे २,२०० आरपीएमच्या आसपास ओढ जाणवू लागते आणि ३,००० पर्यंत पूर्ण दाब येतो. मूळ इंजिनाचा कमाल टॉर्क ४,५०० आरपीएमला येत असे, त्यामुळे तिसऱ्या गिअरमध्ये मधल्या वेगावर गाडीची चाल पूर्णपणे बदललेली आहे. हिशेबाने पाहिले तर १.३५ पट दाब आणि ६५ अंशांची हवा धरून इंजिनात पूर्वीपेक्षा साधारण सव्वापट हवा जाते, आणि वाढही तेवढीच वाटते. ५,५०० च्या पुढे मात्र डिझेलसाठी घडवलेली टर्बाइन धुराला अडवते, तापमान झपाट्याने चढते आणि शक्ती वाढत नाही. मी मर्यादा ५,८०० वर बांधली आहे. ज्याला वरच्या आरपीएमचे वेड आहे त्याने हा टर्बो घेऊ नये.

वर्कशॉपमध्ये मला नेहमी विचारतात की एवढ्या खटाटोपापेक्षा कारखान्याची टर्बो गाडी का घेत नाही. रस्त्यावर चालवण्यासाठी माझे उत्तर तेच आहे: घ्यावी. नेक्सॉनचे १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन १२० पीएस देते, फ्रॉन्क्सचे ९९८ सीसीचे बूस्टरजेट १०० पीएस देते, आणि ही इंजिने पहिल्या दिवसापासून टर्बोसाठी आखलेली असून त्यांच्यामागे वॉरंटी आहे. जुन्या बाजारात पोलो जीटी टीएसआय मिळते. रांजणगावच्या कारखान्यात बनलेली ११४ पीएसची लिनिया टी-जेटही क्वचित दिसते, पण तिचे सुटे भाग शोधण्यात आयुष्य जाते. घरगुती संचाची किंमत त्या गाड्यांच्या शक्तीशी तोलू नये. ८५ हजार रुपयांत मला दाब, उष्णता, इंधन आणि ठिणगी यांचा परस्परसंबंध हाताने कळला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला किंवा गाडीच्या यंत्रावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाला ही किंमत योग्य वाटेल, फक्त वेग हवा असलेल्याला वाटणार नाही.

काम सुरू करण्याआधी कॉम्प्रेशनची चाचणी अवश्य करावी. चार सिलिंडरांतील फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आधी इंजिन दुरुस्त करावे आणि टर्बोचा विचार पुढे ढकलावा. क्लच जुना असेल तर तो नव्या टॉर्कवर घसरू लागतो. ब्रेक पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल बदलण्याचा खर्च वरच्या ८५ हजारांत धरलेला नाही, तो वेगळा ठेवावा आणि टर्बोच्या आधी करावा. संच बसल्यावर पहिल्या काही तापण्या-थंडावण्यानंतर मॅनिफोल्डचे नट सैल होतात; इंजिन पूर्ण थंड असताना ते टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत, आणि मार्च संपण्यापूर्वी इंटरकूलरच्या पापुद्र्यांतली धूळ पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे धुऊन काढावी.